एक वार जागा

“अगं, एक वार तर जागा उरलीय. सगळे मिळून ढकलत का नाहीत?”

हा प्रश्न माझ्या मावशीचा. तारीख १० जानेवारी २०२५, शुक्रवारची रात्र. डॅलसजवळच्या प्लेनोमध्ये मावसभावाच्या घरी आम्ही तिघं टीव्हीसमोर बसलो होतो. आदल्या दिवशी बर्फ पडला होता, त्यामुळे बाहेर पडायचं कुणाच्या मनातही नव्हतं. तिथून पाऊण-एक तासावर, आर्लिंग्टनच्या छप्पर असलेल्या एटी अँड टी स्टेडियममध्ये, ओहायो स्टेट आणि टेक्सास या दोन विद्यापीठांचा कॉलेज फुटबॉलचा उपांत्य सामना रंगात आला होता. याला कॉटन बोल म्हणतात. दादा ऑस्टिनला शिकला, म्हणून तो टेक्सासचा. मी कोलंबसला शिकले, म्हणून मी ओहायो स्टेटची. मावशी सांगलीची, सहा महिन्यांसाठी लेकाकडे आलेली. तिला दोन्हीकडचं काही सोयरसुतक नव्हतं. पण प्रश्न तिनेच नेमका विचारला.

तिच्या तोंडी ‘वार’ आला तो उगाच नाही. यार्ड म्हणजे वारच. नऊवारीतला वार. अमेरिकन फुटबॉलचं मैदान मीटरमध्ये नाही, वारात मोजतात, आणि नऊवारी नेसणारी बाई या खेळाचं अंतर अमेरिकेतल्या शाळकरी पोराइतकंच अचूक डोळ्यासमोर आणू शकते, हे मला त्या रात्री कळलं.

ओहायो स्टेटने तो सामना २८-१४ असा जिंकला. ‘बचावाने जिंकून दिला’ असं सगळे म्हणतात. पण बचावाने जिंकून दिला म्हणजे नक्की काय झालं? मावशीला मी ते टीपॉयवर शेंगदाणे आणि फुटाणे मांडून सांगितलं. शेंगदाणे टेक्सासचे, फुटाणे ओहायो स्टेटचे. इथे शब्दांत सांगते.

आधी खेळ, अगदी थोडक्यात. मैदान १०० वार लांब, साधारण ५३ वार रुंद. दोन्ही टोकांना दहा-दहा वारांचा पट्टा, तो एंड झोन. चेंडू घेऊन किंवा झेलून तिथे पोचलात की टचडाऊन, सहा गुण. वर लाथेने चेंडू खांबांमधून मारला की आणखी एक. ज्याच्याकडे चेंडू त्याला चार प्रयत्न मिळतात, त्यांना डाऊन म्हणतात. चार डाऊनमध्ये दहा वार पुढे सरकलात तर नवे चार मिळतात. नाही सरकलात तर चेंडू समोरच्याचा. टचडाऊन जमत नसेल तर खांबांमधून लाथ मारून तीन गुण घेता येतात, त्याला फील्ड गोल म्हणतात. प्रत्येक डाऊननंतर खेळ थांबतो, दोन्हीकडचे मांडणी बदलतात आणि पुन्हा सुरू. इतकं पुरे.

नवख्या माणसाच्या लक्षात न येणारी गोष्ट वेगळीच आहे. एकाच संघात दोन संघ असतात. चढाई करणारे अकरा वेगळे आणि अडवणारे अकरा वेगळे. क्रिकेटमध्ये बोलर शेवटी बॅट घेऊन येतोच, कबड्डीत चढाईपटू परत येऊन साखळीत उभा राहतो. इथे तसं नाही. क्वार्टरबॅक, म्हणजे चेंडू फेकणारा सूत्रधार, सहसा कुणाला पाडायला जात नाही. अडवणाऱ्यांचा प्रशिक्षक वेगळा, सराव वेगळा, बैठका वेगळ्या. ओहायो स्टेटचा मुख्य प्रशिक्षक रायन डे, पण बचावाचं खातं जिम नोल्सकडे होतं. २०२४ च्या मोसमात या बचावाने सामन्यामागे सरासरी फक्त १२.९ गुण दिले. देशातला सगळ्यात कमी आकडा.

बचाव तीन थरांत उभा राहतो. टीपॉयवर मी सगळ्यात पुढे चार फुटाणे ठेवले. ही लाइन, अंगाने दांडगी माणसं, समोरच्या भिंतीत शिरायचं काम यांचं. ओहायो स्टेटचे दोन कडांचे खेळाडू जॅक सॉयर आणि जे. टी. टुइमोलोआउ, मधले टायलीक विल्यम्स आणि टाय हॅमिल्टन. त्यांच्या मागे दोन लाइनबॅकर, पडेल ते काम करणारे. आणि सगळ्यात मागे पाच जण, पास झेलणाऱ्यांच्या पाठीवर असणारे कॉर्नरबॅक आणि राखणदार सेफ्टी. चार, दोन, पाच.

हे थर वेगवेगळे दिसले तरी एकाच घड्याळावर चालतात. चेंडू हातात आला की क्वार्टरबॅकला विचार करायला अडीच-तीन सेकंद मिळतात. मागच्या पाच जणांनी झेलणाऱ्यांना नीट झाकलं तर त्याला कुणी मोकळा दिसत नाही आणि तो चेंडू धरून बसतो. तेवढ्यात पुढचे चार येऊन पोचतात. उलटंही तितकंच खरं. पुढच्यांनी लवकर गाठलं तर मागच्यांना तीनऐवजी दोनच सेकंद झाकायचं असतं. क्वार्टरबॅकला चेंडूसकट पाडलं की त्याला सॅक म्हणतात. आकडा पाडणाऱ्याच्या नावावर पडतो, पण अर्धं श्रेय मागे उभ्या असलेल्यांचं, हे फुटबॉलवर रात्र-रात्र वाद घालणारे कधी विसरत नाहीत.

आता त्या रात्रीकडे येते. एक गोष्ट कबूल करायला हवी. टेक्सासचा बचावही त्या दिवशी कमी नव्हता. ओहायो स्टेटचा जेरेमाया स्मिथ हा पहिल्या वर्षाचा पोरगा नऊ दिवसांपूर्वी, १ जानेवारीला ‘रोझ बोल’ या सामन्यात, ओरेगनविरुद्ध ७ झेल, १८७ वार आणि दोन टचडाऊन करून आला होता. टेक्सासने त्याला पूर्ण सामन्यात एक झेल घेऊ दिला. तीन वारांचा. एवढ्या मोठ्या मैदानात एका माणसाला असं बांधून ठेवायचं म्हणजे त्याच्यामागे एक माणूस लावायचा आणि त्याच्या पलीकडे आणखी एक उभा ठेवायचा. पण दोन शेंगदाणे एका फुटाण्यामागे गेले की बाकीच्या मैदानात एक शेंगदाणा कमी पडतो.

त्याची किंमत टेक्सासने पहिल्या अर्ध्याच्या अगदी शेवटी मोजली. टेक्सासने ७-७ अशी बरोबरी केली तेव्हा मध्यंतराला अर्धा मिनिटही नव्हता. सगळ्यांना वाटलं, आता चहा. टेक्सासचे पुढचे गडी क्वार्टरबॅक विल हॉवर्डवर तुटून पडले, आणि त्याने त्यांच्या डोक्यावरून हळूच चेंडू ट्रेव्हियॉन हेंडरसनकडे टाकला. याला स्क्रीन पास म्हणतात. मुद्दाम समोरच्याला आत येऊ द्यायचं, तो आत आला की चेंडू त्याच्या पाठीमागे पोचवायचा. कबड्डीत चढाईपटू पाय पुढे करून बचावाला झेप घ्यायला लावतो ना, तसंच. हेंडरसन ७५ वार पळाला, कुणाच्या हाती लागला नाही. १४-७. दादा स्वयंपाकघरात चहा टाकायला गेला होता, तो चहात आलं न घालताच परतला.

इथेच बचावाचा मोठा पेच आहे. हल्ला केला नाही तर क्वार्टरबॅकला वेळ मिळतो. हल्ला केला तर पाठ उघडी पडते. चांगला बचाव म्हणजे सतत हल्ला करणारा नव्हे, आणि सतत सावध राहणाराही नव्हे. समोरच्याला शेवटच्या क्षणापर्यंत यातलं काय येणार हे कळू न देणारा, तो चांगला. सेफ्टी आधी एका जागी उभा दिसतो आणि चेंडू हलताच दुसरीकडे सरकतो. ओहायो स्टेटच्या केलेब डाउन्ससारखा सेफ्टी असला की ही चोरी पचते, कारण तो चुकलेलं पाऊल दोन पावलांत भरून काढतो.

उत्तरार्धात टेक्सासने १४-१४ केलं. मग चौथ्या, म्हणजे शेवटच्या, पर्वात ओहायो स्टेटने ८८ वारांची लांबलचक चाल रचली. मध्ये चौथ्या डाऊनला हॉवर्ड स्वतः १८ वार पळाला आणि सामन्याची सात मिनिटं उरली असताना क्विनशॉन जडकिन्सने टचडाऊन केला. २१-१४. आता टेक्सासला सात गुण हवेच होते.

क्वार्टरबॅक क्विन यूअर्सने संघाला मैदानभर नेलं. एंड झोनमध्ये ओहायो स्टेटच्या खेळाडूंनी झेल अडवताना पाठोपाठ दोनदा नियम मोडला असं पंचांनी ठरवलं, आणि चेंडू रेषेपासून एका वारावर येऊन बसला. (त्यातल्या एका निर्णयावर मी टीव्हीला जे बोलले ते मावशीसमोर बोलायला नको होतं.) पहिला डाऊन, एक वार, चार प्रयत्न. बरोबरी झालीच म्हणायची. मावशीने तो प्रश्न विचारला तो इथे.

ढकलत का नाहीत?

कारण रेषेपाशी मैदान आक्रसतं, आणि आक्रसलेलं मैदान बचावाच्या बाजूने असतं. मैदानाच्या मधोमध खेळताना बचावाच्या पाठीमागे पन्नास-साठ वार मोकळे असतात. सेफ्टीला लांब उभं राहावंच लागतं, कारण कुणीतरी पाठीमागे पळून जाईल ही धास्ती असते. चेंडू एका वारावर आला की पाठीमागे उरतात ते एंड झोनचे दहा वार. त्यापलीकडे झेललेला चेंडू मोजत नाहीत. म्हणजे लांबच्या पासची भीतीच संपली. मग राखणदार सेफ्टीही चार पावलं पुढे येतो, लाइनबॅकर पुढे येतात, बाकावरचे जाडजूड गडी आत घेतले जातात. टीपॉयवर मी अकराच्या अकरा फुटाणे शेंगदाण्यांना चिकटवून ठेवले आणि मावशीला म्हटलं, “आता यातून बोट घाल बघू.”

तिने घातलं. दोन फुटाणे खाली पडले.

“गेलं की!”

“तुझं बोट आहे ते, मावशी. तिथे दीड-दीडशे किलोची माणसं आहेत.”

टेक्सासनेही पहिल्या डाऊनला तेच केलं. सरळ मध्ये घुसले आणि जिथल्या तिथे अडकले. शून्य वार.

आता दुसरा डाऊन. या एका चालीवर इतका वाद झाला आहे की त्याच्यावर थोडं रेंगाळते. टेक्सासचा मुख्य प्रशिक्षक स्टीव्ह सार्किसियन, चढाईच्या चाली तोच सांगतो. त्याने टॉस सांगितला. म्हणजे क्वार्टरबॅकने चेंडू हातात न देता बाजूला, मागे उभ्या असलेल्या धावणाऱ्याकडे उडवायचा आणि त्याने मधली गर्दी टाळून बाहेरच्या कडेने वळसा घालून रेषा गाठायची. धावणारा होता विझनर.

दादाचं मत आजही एकच आहे की हा वेडेपणा होता. माझं मत तसं नाही, आणि मी ओहायो स्टेटची आहे म्हणून नाही. मघाचे फुटाणे बघा. अकराजण मधोमध चिकटलेत. मध्ये अकरा माणसांची भिंत, तर कड मोकळी. कागदावर बाहेरून जाणं शहाणपणाचंच. शिवाय पहिल्या डाऊनला मध्ये काही मिळालं नव्हतं. त्या पूर्ण सामन्यात टेक्सासचं धावण्याचं गणित जमलंच नव्हतं, एकूण ५८ वार. (कॉलेजच्या हिशेबात सॅकमध्ये गमावलेले वारही धावण्यातून वजा होतात, त्यामुळे हा आकडा दिसतो त्याहून थोडा बरा समजावा. पण थोडाच.) मध्ये घुसून आत्तापर्यंत मिळालं नाही ते आता मिळेल असं कोणत्या आधारावर मानायचं?

पण टॉसची एक अट असते. चेंडू आधी मागे जातो. धावणारा रेषेपासून पाच-सहा वार मागे उभा असतो, तिथे तो चेंडू घेतो, मग आडवा पळतो आणि मग पुढे वळतो. म्हणजे एक वार पुढे जाण्यासाठी तो आधी पाच-सहा वारांचं कर्ज काढतो. कडेच्या सगळ्या ब्लॉकरांनी, म्हणजे त्याला वाट करून देणाऱ्या सोबत्यांनी, आपापला माणूस अडवला तर कर्ज फिटतं. एकाने जरी सोडला तर तो सुटलेला माणूस धावणाऱ्याला रेषेपाशी गाठत नाही, पार मागे जाऊन गाठतो. मध्ये घुसण्यात फार तर शून्य मिळतं. टॉसमध्ये उणे मिळतं.

आणि मिळालं. ओहायो स्टेटचे खेळाडू ब्लॉकरांच्या फटीतून आत आले आणि विझनरला वळायलाही न देता खाली घेतलं. उणे सात. चेंडू एका वारावरून आठ वारांवर गेला.

सामन्यानंतर सगळीकडे दाखवलं गेलं ते पुढचं दृश्य, ८३ वारांची धाव. पण माझ्या मते सामना इथे फिरला, या सात वारांत. का, ते सांगते.

एका वारावर असताना बचावाच्या कडेच्या खेळाडूला, म्हणजे सॉयरसारख्याला, दोन भीती असतात. हा पळेल की फेकेल? आंधळेपणाने क्वार्टरबॅककडे धावत सुटला आणि चेंडू त्याच्या बाजूने पळवला गेला, तर त्याने सोडलेली जागा हेच दार ठरतं. म्हणून त्याला अर्धं पाऊल रोखून धरावं लागतं. आठ वारांवर, दोन डाऊन शिल्लक, सात गुण हवेत, घड्याळ पळतंय, अशा वेळी धावून जाणार कोण? पासच येणार. सगळ्या स्टेडियमला माहीत आहे, टीव्हीसमोरच्या सांगलीच्या बाईलाही माहीत आहे. मग कडेच्या खेळाडूचं रोखून धरलेलं अर्धं पाऊल सुटतं. त्याला फक्त एकच काम उरतं, चेंडू फेकला जाण्याआधी पोचायचं. त्या सात वारांनी टेक्सासकडून जागा घेतली ती घेतलीच, पण त्याहून महाग गोष्ट घेतली. समोरच्याच्या मनातली शंका घेतली.

तिसरा डाऊन. पास जमिनीवर. काही नाही.

चौथा डाऊन. आठ वार, मावशीच्या नऊवारीहून एक कमी. फील्ड गोल मारून तीन गुण घेता आले असते, पण सातने मागे असताना आणि दोन-सव्वादोन मिनिटं उरलेली असताना तीन गुणांनी कुणाचं पोट भरणार? चेंडू परत मिळेलच याची खात्री नव्हती. इथे सार्किसियनला दोष देणारा मला तरी भेटला नाही. यूअर्स मागे सरकला. झेलणारे एंड झोनमध्ये धावले. पण मघाशी सांगितलं तसं, तिथे फक्त अठरा वारांची खोली. सगळे एकमेकांच्या अंगावर, मोकळं कुणी नाही. त्याने चेंडू किंचित जास्त वेळ धरला.

सॉयर कडेने आला, जवळजवळ १२० किलोचा माणूस, आणि फेकायला उचललेल्या हातावर त्याने झडप घातली. इथे नियमाचा एक बारकावा आहे. यूअर्सचा हात पुढे यायला लागलेला असता आणि मग चेंडू सुटला असता, तर तो अपुरा पास ठरला असता. चेंडू मेला, खेळ संपला, पुढे पळायला काही उरलं नसतं. हात पुढे यायच्या आत चेंडू सुटला तर तो फंबल, म्हणजे सुटलेला चेंडू, ज्याला सापडेल त्याचा. दोन्हीमध्ये फरक पापणी लवण्याइतका. चेंडू हातातून निसटला, जमिनीवर आपटून उसळला आणि आला तो सॉयरच्याच हातात.

तिथून समोर ८३ वार मोकळं मैदान. टेक्सासचे सगळे खेळाडू दुसऱ्या दिशेला तोंड करून होते. सॉयर पळत सुटला. टुइमोलोआउ आणि इतर त्याच्या बाजूने. आमच्या खोलीत फक्त मी ओरडत होते. मावशी म्हणाली, “हा जाडा एवढा पळतो?” दादा काहीच म्हणाला नाही. दोन मिनिटं तेरा सेकंद उरली असताना २८-१४.

यात नशीब किती आणि कसब किती, यावर दोन्हीकडचे लोक भांडतात. मला वाटतं दोन गोष्टी वेगळ्या ठेवाव्यात. हातातून चेंडू पाडणं हे कसब. त्यासाठी वेळ साधावी लागते आणि शरीराऐवजी हातावर नेम धरावा लागतो, आणि याचा रोज सराव करतात. सुटलेला चेंडू कुठे उसळेल, हे मात्र देवाच्या हाती. त्या चेंडूचा आकार अंड्यासारखा लांबोळका, तो कुठेही जातो. तो सॉयरच्या हातात आला हे नशीब. पण समजा नसता आला, यूअर्सने तो फेकून दिला असता किंवा कुणी त्यावर पडलं असतं, तरी चौथा डाऊन गेलाच होता आणि चेंडू ओहायो स्टेटचाच झाला असता. नशिबाने विजय सजवला. मिळवला तो आधीच.

दादाचा दुसरा मुद्दा मात्र मला खोडता येत नाही. टेक्सासच्या बाकावर दुसरा क्वार्टरबॅक आर्च मॅनिंग होता. पेटन आणि एली मॅनिंग या गाजलेल्या क्वार्टरबॅक भावांचा पुतण्या, यूअर्सपेक्षा पायाने चपळ. मोसमभर थोडक्या वारांसाठी त्याला आत आणायची सवय सार्किसियनला होतीच. नोव्हेंबरच्या शेवटी टेक्सास ए अँड एमविरुद्ध त्याने चौथ्या डाऊनला १५ वार पळून टचडाऊन केला होता. क्वार्टरबॅक स्वतः धावतो तेव्हा हिशेब बदलतो. एरवी क्वार्टरबॅक चेंडू देऊन मोकळा होतो आणि बघत उभा राहतो, म्हणजे अकरा अडवणाऱ्यांसमोर खरे खेळणारे दहाच उरतात. तो स्वतः पळाला की अकराला अकरा होतात. एका वारासाठी तो एक शेंगदाणा खूप असतो. का आणला नाही? दादाला हा प्रश्न अजूनही रात्री पडतो.

पण मग मी त्याला पेन स्टेटची आठवण करून देते. २ नोव्हेंबर २०२४, पेन स्टेटच्या घरच्या मैदानावर ओहायो स्टेट २०-१३ ने पुढे. शेवटच्या काही मिनिटांत पेन स्टेट तीन वारांवर, पहिला डाऊन. त्यांनी तीनदा मध्ये घुसून बघितलं, मावशीच्या सल्ल्यानुसार. तिन्ही वेळा भिंत. चौथ्या डाऊनला पास, तोही वाया. म्हणजे ढकललं तरी हा बचाव हलत नव्हता, हे सार्किसियनने पाहिलेलं असणारच. म्हणून तो बाहेर गेला. एकदा आतून न जमलेलं बघून बाहेरून जाऊ म्हणावं, तर बाहेरही हेच उभे. चांगल्या बचावाचा जाच असा असतो. तो फक्त आजची चाल अडवत नाही. दोन महिन्यांपूर्वी दुसऱ्या कुणाची अडवलेली चाल आज तुमच्या मनातून काढून टाकतो.

या बचावाला नेहमीच असं नावाजलं जात होतं असंही नाही. ऑक्टोबरमध्ये ओरेगनकडून ३२-३१ असे हरले तेव्हा नोल्सच्या नावाने खडे फोडणारे कोलंबसमध्ये माझ्या ओळखीत निम्मे होते. नोव्हेंबरच्या शेवटी मिशिगनकडून घरच्या मैदानावर १३-१० असे हरले, तेव्हा तर मिशिगनच्या पोरांनी मैदानाच्या मधोमध आपला झेंडा रोवायचा प्रयत्न केला, हाणामारी झाली आणि पोलिसांना मिरपुडीचा फवारा मारावा लागला. तो झेंडा हिसकावून फाडणारा सॉयरच. त्या सामन्यातही बचावाने तेरा गुणच दिले होते, दोष चढाईचा होता, पण हरल्यावर हे वेगळं कोण मोजतं? आधीच्या वर्षांसारखी चारच संघांची बाद फेरी असती तर दोन पराभवांनंतर ओहायो स्टेटचं मोसम बहुधा तिथेच संपलं असतं. २०२४ मध्ये पहिल्यांदाच बारा संघ घेतले गेले. मग टेनेसी ४२-१७, ओरेगन ४१-२१, टेक्सास २८-१४, आणि २० जानेवारीला अटलांटात नोत्र दामला ३४-२३ असं हरवून अजिंक्यपद. दोन सामने हरूनही विजेतेपद मिळवणारा आधीचा संघ म्हणजे २००७ च्या मोसमातला एलएसयू, म्हणजे लुइझियाना स्टेट.

त्या रात्री प्लेनोत अजून दोन मिनिटं बाकी होती. यूअर्सने पुन्हा फेकाफेकी सुरू केली आणि डाउन्सने एक पास मध्येच झेलला. संपलं. टीव्हीवर मग सांगायला लागले की यूअर्स आणि सॉयर २०२१ मध्ये ओहायो स्टेटला एकाच खोलीत राहायचे. यूअर्स टेक्सासचा पोरगा, शाळेचं शेवटचं वर्ष सोडून कोलंबसला आला, तिथे फारसं खेळायला मिळालं नाही, मोसम संपल्यावर घरच्या राज्यात परतला. आणि आता निर्णायक चेंडूवर खाली पाडलं ते जुन्या रूममेटने.

“एका खोलीत राहिलेत ना?” मावशी म्हणाली. “मग त्याला ठाऊकच असणार, हा उठायला किती वेळ लावतो ते.”

दादा पहिल्यांदाच हसला. टीपॉयवर फुटाणे अजून तसेच रांगेत होते. त्याने हात पुढे केला, बाहेरच्या कडेला एकटाच मागे पडलेला विझनरचा शेंगदाणा उचलला आणि खाऊन टाकला.